जुन्या इमारतीवर स्मरणाचे दिवे लावायचे असतील तर

प्रश्न असा आला आहे: आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेची काळ्या पाषाणातली जुनी इमारत आहे, वर घड्याळाचा मनोरा. करोनाच्या दोन लाटांत गावातली दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यांच्या स्मरणार्थ एक संध्याकाळ या इमारतीवर प्रकाशयोजना करावी असं आम्ही काही जणांनी ठरवलं आहे. नगरपालिका तयार आहे, पैसे बेताचे आहेत. लायटिंगवाला म्हणतो, पूर्ण इमारत लाल करू आणि गच्चीवर चार शार्पी (आकाशात फिरणारे झोत सोडणारे दिवे) लावू. कुठून सुरुवात करावी? रंग कोणता घ्यावा?

लाल नको. बाकीचं सावकाश सांगते, पण लायटिंगवाल्याच्या हातात ॲडव्हान्स ठेवण्याआधी त्याला एवढं कळवून टाका.

मी अठ्ठावीस वर्षं प्रकाशयोजना करते आहे. पहिली बारा वर्षं नाटकांची, नंतर जुन्या इमारती, वाडे, देवळं. तीन वर्षांपूर्वी एका गावात तुमच्यासारखंच काम केलं, तिथल्या जुन्या वाचनालयाच्या इमारतीवर. तालमीच्या रात्री आम्ही खालून लाल आणि नारिंगी सोडला होता, ज्योतीसारखा हळूहळू कमी-जास्त होणारा. मला तो फार आवडला होता. समोरच्या पारावर एक वयस्क गृहस्थ बसले होते, त्यांचं घर स्मशानाच्या रस्त्यावर. ते उठून आमच्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाई, एकवीसच्या एप्रिलमध्ये आमच्या खिडकीतून रात्रभर असंच दिसायचं." मी सगळे फेडर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायच्या खुंट्या, खाली घेतले. त्या रात्री साडेअकराला आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हापासून या कामात रंग निवडताना मी एकच विचारते: गेलेल्यांच्या घरच्यांनी हा रंग शेवटचा कुठे पाहिला असेल? लाल-नारिंगी हलता प्रकाश म्हणजे चिता. गोल फिरणारा निळा म्हणजे ॲम्ब्युलन्स. थंड पांढरा म्हणजे दवाखान्याचा पॅसेज, जिथे काचेपलीकडून हात हलवून लोक परत आले. मग उरतो तो घरातल्या दिव्याचा रंग. आमच्या भाषेत २७०० केल्विन, फार तर ३००० केल्विनचा वॉर्म व्हाइट. स्थिर, न लुकलुकणारा. दिवेलागणीला देवापाशी जसा उजेड पडतो तसा. तुमच्या इमारतीला तोच द्या.

इथे एक खुलासा करते, कारण लायटिंगवाला म्हणेल की जगभर इमारती लाल करतातच की. करतात, आणि त्याला कारण आहे. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. १८८२ साली याच तारखेला रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं. त्या दिवशी देशोदेशींच्या प्रसिद्ध वास्तू लाल होतात. १ डिसेंबरला एड्ससाठीही लालच. त्या रंगाचं काम रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून 'हे काय आहे' असं विचारायला लावणं, म्हणजे जागृती. क्षय आजही आपल्याकडे माणसं नेतो, तेव्हा तो लाल हवाच. पण तुमच्या चौकात येणाऱ्या माणसाला करोना म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. त्याला त्याच्या माणसासाठी दिवा लावायचा आहे, तेव्हा दोन्ही कामांना एकच उजेड चालणार नाही.

आता दगड. तुमची इमारत काळ्या पाषाणाची आहे, हे सगळ्यात महत्त्वाचं. हा दगड उजेड पितो. चुन्याची सफेदी असलेली भिंत पडलेल्या प्रकाशातला शेकडा सत्तर-पंच्याहत्तर भाग परत देते, काळा पाषाण जेमतेम दहा-पंधरा. त्यामुळे समोरून मोठे फ्लड, म्हणजे रुंद पसरणाऱ्या उजेडाचे दिवे, टाकले तर भिंत काळीच राहते आणि समोर उभ्या माणसांच्या पाठी तेवढ्या उजळतात. मग लायटिंगवाला आणखी फ्लड आणतो, आणि चौकाचं क्रिकेटचं मैदान होतं. पाषाणावर प्रकाश घासून जायला हवा. भिंतीपासून वीतभर अंतरावर अरुंद झोताचा दिवा ठेवा आणि सरळ वर सोडा. टाकीचे घाव, दगडांमधले सांधे, कमानीची कड, सगळं उठून येतं, आणि दिवा मात्र छोटासाच पुरतो. एक सावधगिरी: अशा उजेडात दुरुस्तीचे सिमेंटचे ठिगळही उठून दिसतात. ते जिथे असतील तिथला दिवा बंद ठेवा.

कोकणात किंवा गोव्यात जांभ्या दगडाची इमारत असती तर हेच वेगळं झालं असतं. जांभा उबदार उजेडात आतून पेटल्यासारखा दिसतो, त्याला आणखी कमी लागतं. मुंबईचा राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या पिवळसर दगडाचा. अशा दगडावर निळा टाकला तर तो मळकट दिसतो. (हा मनोरा प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधवला आणि १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. आपल्या ओळखीचा घड्याळाचा मनोरा एका आईच्या नावाने उभा आहे, हे तुमच्या समितीत जरूर सांगा.)

पण इमारत कशी दिसेल हा विचार मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. आधी बघायचं ते माणसं कुठे उभी राहणार. दोन वर्षं लोकांना एकत्र येता आलं नाही. अंत्यदर्शन नाही, खांदा नाही, तेराव्याला पंगत नाही. माझ्या थोरल्या काकांना नेलं तेव्हा आम्ही घरचे चौघं स्मशानाच्या फाटकाबाहेर उभे होतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं ते कोण, हे आम्ही गाडीच्या नंबरावरून ओळखलं. तुमच्या चौकात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात असं काहीतरी राहून गेलेलं आहे. त्या राहून गेलेल्या गोष्टीला तुम्ही जागा देत आहात. तेव्हा खुर्च्या कुठे मांडायच्या, म्हाताऱ्या माणसाला मान वर न करता काय दिसेल, शेजारी उभ्या माणसाचा चेहरा ओळखण्याइतका उजेड चौकात आहे का आणि तो डोळ्यांत जात नाही ना, हे आधी कागदावर काढा. आम्ही पारावरच्या झाडात उलटे टांगलेले चार छोटे दिवे ठेवले होते, पानांतून गाळून येणारे. संध्याकाळभर लोक त्याच पारापाशी सर्वांत जास्त रेंगाळले.

या प्रकारच्या कामाचा मी पुन्हा पुन्हा पाहिलेला नमुना वॉशिंग्टनचा. १९ जानेवारी २०२१ ची संध्याकाळ. अमेरिकेतल्या करोनामृत्यूंचा आकडा त्या दिवशी चार लाखांवर पोचला होता. बायडन दुसऱ्या दिवशी शपथ घेणार होते. लिंकन स्मारकासमोर सहाशे मीटरहून लांब असा एक सरळ जलाशय आहे. त्याच्या दोन्ही काठांनी ४०० दिवे लावले, हजार माणसांमागे एक. वॉशिंग्टनच्या मोठ्या कॅथीड्रलमधली घंटा ४०० वेळा वाजवली. भाषणं अगदी दोन-चार मिनिटांची झाली, मिशिगनमधली एक परिचारिका गायली, आणि मग उबदार पिवळसर दिव्यांच्या दोन ओळी पाण्यात उमटल्या. बस, एवढंच.

तिथे काय केलं नाही ते बघा. लिंकनच्या स्मारकाला रंग फासला नाही. ते नेहमीसारखंच पांढरं, शांत, मागे उभं राहिलं. दिवे त्याच्या अंगावर नव्हते, त्याच्यासमोर जमिनीवर होते. पाण्यामुळे एकाचे दोन दिसत होते, त्यामुळे कमी दिवे पुरले. आणि ते मोजता येत होते. मोजता येणं फार मोठी गोष्ट आहे. चार लाख हा आकडा मनात मावत नाही. ओळीतले दिवे बघत नजर पुढे पुढे जाते आणि ओळ संपत नाही, तेव्हा तो आकडा अंगावर येतो. महिनाभरात आकडा पाच लाख झाला, तेव्हा व्हाइट हाउसच्या पायऱ्यांवर ५०० मेणबत्त्या लावल्या. हिशोब तोच, हजारामागे एक.

हे गणित देशासाठी ठीक. महाराष्ट्रात करोनाचे नोंदलेले मृत्यू सुमारे १ लाख ४८ हजार आहेत. मुंबईत कुणी असं काही करायचं म्हटलं तर त्यांनाही हजाराला एक हाच हिशोब करावा लागेल. तुमचं गाव मात्र इतकं लहान आहे की एका माणसाला एक दिवा देता येईल. दोनशेहून थोडे जास्त दिवे. ही सवलत सोडू नका.

आणि त्यासाठी परदेशाकडे बघायचीही गरज नाही. मोजता येणारे दिवे उंच चढवत नेणं आपल्याकडे शेकडो वर्षं चालू आहे. देवळापुढची दीपमाळ आठवा. दगडी खांबातून बाहेर आलेले ते हात, प्रत्येकावर एक दिवा, त्रिपुरी पौर्णिमेला खालून वर उजळत जाणारे. गोव्यात मंगेशीचा दीपस्तंभ तर सात मजली आहे. दीपमाळेवर कुणी फ्लड टाकत नाही. अंधारात फक्त बिंदू असतात आणि त्या बिंदूंतून खांबाचा आकार आपोआप कळतो. तुमच्या मनोऱ्याला खिडक्या आहेत, कठडे आहेत, पायऱ्या आहेत. खिडकीच्या आतल्या कोनाड्यात, सज्ज्याच्या कठड्यामागे, पायऱ्यांच्या कडेने बॅटरीवरचे छोटे वॉर्म दिवे ठेवा. भिंतीवर घासून जाणारा प्रकाश अगदी मंद, फक्त मनोऱ्याच्या कडा कळतील इतका. म्हणजे इमारत दीपमाळ होईल.

खऱ्या पणत्यांचा आग्रह होईलच, आणि तो मोडू नका. घरच्यांना स्वतःच्या हाताने वात पेटवायची असते. पण इमारतीच्या दगडावर एकही पणती ठेवू देऊ नका. तेल दगडात मुरतं आणि तो डाग पुढच्या पिढीलाही दिसतो. काजळी कोरीवकामात बसते. चौकात, इमारतीपासून दहा-बारा फुटांवर, लोखंडी घमेल्यांत किंवा जुन्या परातींत वाळू भरून ठेवा आणि पणत्या त्यात. वाळू सांडलेलं तेलही पिते आणि पणती कलंडतही नाही. लहान मुलांचे परकर, ओढण्या यांवर लक्ष ठेवायला दोन माणसं, हाताशी पाण्याच्या बादल्या. आकाशात सोडायचे कागदी कंदील साफ नको. जळता कंदील कुणाच्या गवताच्या गंजीवर उतरेल ते सांगता येत नाही.

नावांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते. नगरपालिकेच्या नोंदवहीतून यादी उचलून ती प्रोजेक्टरने भिंतीवर टाकायची कल्पना हमखास निघते. काळ्या पाषाणावर प्रोजेक्टर दिसायला तो प्रचंड ताकदीचा लागतो, तुमच्या बजेटबाहेरचा. दुसरं, भाड्याच्या लॅपटॉपवर फाँट बदलला की जोडाक्षरं फुटतात, आणि कुणाच्या तरी बाबांचं नाव भिंतीवर वीस फुटी आणि मोडलेलं दिसतं. आम्ही नावं मोठ्याने वाचायची ठरवली. यादी घरोघर जाऊन केली. त्यातही एका नावावरची मात्रा छापताना पडली, आणि वाचणाऱ्या मुलीने छापलं होतं तसंच वाचलं. ज्यांच्या घरचं ते नाव होतं त्या बाई पुढे आल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, मुलीच्या हातातलं पेन घेतलं, कागदावर मात्रा दिली आणि जागेवर जाऊन बसल्या. मुलीने नाव पुन्हा वाचलं. तेव्हापासून मी सांगते: यादी कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी वाचनालयात लावा आणि शेजारी पेन दोरीने बांधून ठेवा.

नाव द्यायचं की नाही हे घरच्यांनी ठरवायचं. करोनाच्या बाबतीत आता फारसं कुणी लपवत नाही, पण क्षय, एड्स, कुष्ठरोग यांच्यासाठी असं काही करणार असाल तर संमतीशिवाय एकही नाव उच्चारू नका. एड्सच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच तसा आहे. ज्यांना नाव नको त्यांचा दिवा बिननावाने लागतोच. आणखी एक प्रश्न तुमच्यापुढे येणार: त्या दिवसांत डायलिसिस न मिळाल्याने, हृदयविकाराला बेड न मिळाल्याने गेलेली माणसं यात धरायची का? दाखल्यावर करोना लिहिलेला नाही. माझं स्पष्ट मत आहे, धरायची. घरचे येऊन सांगतात, दिवा लावा. दाखला मागू नका.

आता त्या संध्याकाळचा क्रम. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर वीस-बावीस मिनिटांत संधिप्रकाश ओसरतो आणि आकाश गडद निळं होतं. सुरुवात तेव्हा करा. त्याआधी इमारतीवर नेहमीचं जे काही असेल, तिरंगी पट्ट्या, माळा, नगरपालिकेचा झगझगीत बोर्ड, सगळं बंद. समोरच्या दुकानदारांना आधी भेटून पाट्यांचे दिवे तासभर बंद ठेवायची विनंती करा. आम्हाला एकानेही नाही म्हटलं नाही. पाच-सात मिनिटं काहीच करू नका. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, बोलणी आपोआप थांबतात. रस्त्यावरचे दिवे मात्र सगळे घालवू नका. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं घरातले दिवे बंद केले होते. विजेची मागणी तेव्हा सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली, आणि तरीही रस्त्यांवरचे दिवे चालू ठेवायच्याच सूचना होत्या. गर्दीत अंधार धोक्याचा. चौकातले निम्मे खांब चालू राहू द्या, इमारतीच्या अगदी जवळचे दोन-तीन बंद करून घ्या.

मग नावं. एक नाव, एक घंटेचा ठोका, एक दिवा. सहा सेकंदांचं अंतर ठेवलंत तर दोनशे नावांना वीस मिनिटं लागतात, दमत नाही कुणी. मनोऱ्याचं घड्याळ चालू असेल आणि त्याची घंटा हाताने वाजवता येत असेल तर तीच वापरा. नसेल तर शाळेची पितळी तास. ध्वनिमुद्रित घंटा नको. शेवटचं नाव झाल्यावर भिंतीवरचा मंद प्रकाश सोडायचा, शून्यापासून सात-आठ मिनिटांत, इतका हळू की केव्हा आला ते कळू नये. स्वस्त एलईडी इथे दगा देतात. ते शून्यावरून एकदम उडी मारून उजळतात, मग हळू चढतात. लग्नाच्या मांडवात असतात त्या चोपन्न एलईडींच्या गोल 'पार' दिव्यांमध्ये हे हमखास होतं, शिवाय लाल-हिरवा-निळा मिसळून केलेल्या पांढऱ्याची सावली रंगीत पडते. तेच मिळणार असतील तर आम्ही नाटकवाले करतो ते करा: पुढे फ्रॉस्ट (उजेड मऊ करणारा दुधी कागद) आणि फिकट पिवळसर जिलेटीन (पारदर्शक रंगीत कागद) लावा, आणि पहिली उडी अंधारात, झाकण ठेवून घालवा. फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिवा तपासा. पट्टे दिसले तर सगळ्यांच्या व्हिडिओत ते दिसणार.

शार्पींचं उत्तर यातच आलं. आकाशात फिरणारे झोत वरातीत शोभतात. भाषणं दोन, प्रत्येकी तीन मिनिटं. पुढाऱ्यांचे फोटो असलेला फ्लेक्स चौकात लागू देऊ नका. हे तुम्हाला अवघड जाईल याची मला कल्पना आहे, तरी पहिल्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर सांगता येत नाही.

विजेचं सोपं आहे. ३६ वॅटचे ३० दिवे घेतलेत तरी १,०८० वॅट होतात, म्हणजे घरातल्या एका गीझरपेक्षा कमी. जनरेटरचा आवाज नको, त्या शांततेत तो सहन होत नाही. इमारतीतलंच कनेक्शन घ्या, पण आधी गावातल्या जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या इमारतींत ते बहुधा नावापुरतं असतं. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) लावा, त्याशिवाय प्लग घालू नका. ध्वनिक्षेपकाची लाईन वेगळी. वीज गेलीच तर इन्व्हर्टरवर चौकातले दिवे चालायला हवेत, इमारतीवरचे गेले तरी चालतील. दिवे आयपी ६५ चे, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारे, मागा, एप्रिल-मे असेल तर अवकाळीचा भरवसा नाही.

दगडाला मात्र खिळा, स्क्रू, ड्रिल काहीही लागता कामा नये. क्लॅम्पही लावायचा तर मध्ये जाड रबर हवं. स्टँड स्वतंत्र, पायांवर वाळूच्या पिशव्या, खाली फळी आणि रबराची चटई. कठडा शंभर वर्षांचा असेल तर त्यावर माणूस टेकू देऊ नका, दिवा तर नाहीच. आणि मनोऱ्यात कोण राहतं ते आठवडाभर आधी जाऊन बघा. वटवाघळं सूर्यास्तानंतर अर्ध्या तासात बाहेर पडतात, पाकोळ्यांची घरटी कमानींखाली असतात, एखादं घुबड असतं. ज्या झरोक्यातून ती ये-जा करतात त्या बाजूला दिवा नको, आणि दहाच्या पुढे भिंतीवरचा प्रकाश नको. उबदार रंगावर किडे कमी येतात, हा आणखी एक फायदा.

परवानग्यांसाठी दोन-तीन महिने धरा. इमारत नगरपालिकेची असली तरी ती कुठल्या यादीत आहे ते आधी काढा. केंद्रीय संरक्षित असेल तर १९५८ चा कायदा आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्य संरक्षित असेल तर १९६० चा राज्याचा कायदा आणि राज्य पुरातत्त्व संचालनालय, आणि शहराच्या वारसा यादीत असेल तर वारसा समिती. अर्जासोबत दिवे कुठे ठेवणार त्याचा नकाशा आणि 'इमारतीला कुठेही छिद्र पाडणार नाही' हे एक वाक्य ठळक लिहा, निम्मी शंका तिथेच मिटते. गर्दी आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची लेखी परवानगी, तीही रात्री दहापर्यंतचीच मिळते.

तारीख तुम्ही विचारली नाहीत, पण तीवरून वाद होईल. इटलीने १८ मार्च निवडला, कारण २०२० साली त्या रात्री बेर्गामोहून शवपेट्या घेऊन लष्करी ट्रक निघाले होते. ब्रिटनमध्ये सुरुवातीची काही वर्षं २३ मार्चला, पहिली टाळेबंदी झाली त्या तारखेला, स्मरणदिन पाळत; २०२१ मध्ये त्या दिवशी लंडन आयसारख्या वास्तू पिवळ्या झाल्या होत्या. तुमच्याकडे कुणी सर्वपित्री अमावास्या सुचवेल, कुणी धनत्रयोदशी, कारण त्या संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावतात. यमदीप जिवंत माणसांना अपमृत्यू येऊ नये म्हणून असतो, गेलेल्यांसाठी नव्हे, आणि सर्वपित्री घराघरांत पाळली जातेच. त्या दिवसांत तुमच्या गावात स्मशानात आणि कब्रस्तानात उभी राहिलेली पोरं सगळ्या जातिधर्मांची असतील. त्यांना सगळ्यांना आपली वाटेल अशी तारीख घ्या. गावातला पहिला मृत्यू ज्या दिवशी झाला तो दिवस, किंवा ज्या आठवड्यात सर्वाधिक गेले त्यातला एखादा शनिवार. ऐन पावसाळा आणि निवडणुकीचा काळ टाळा.

शेवटी दिवे विझवताना एकदम मेन पाडू नका. भिंतीवरचा प्रकाश दहा मिनिटांत उतरवा, पायऱ्यांवरचे दिवे घरच्यांना उचलून नेऊ द्या, बरेच जण नेतात. घड्याळाखालच्या खिडकीतला एक दिवा पहाटेपर्यंत राहू द्या. आमच्याकडे रात्री दोनलाही पारावर माणसं होती, रात्रपाळीहून परतणाऱ्या दोन नर्स होत्या.

सकाळी घमेली उचलून झाली की दगडावर कुठे तेल सांडलंय का ते पाहून लगेच टिपा. लंडनला थेम्सच्या काठी, पार्लमेंटसमोरच्या लांबलचक भिंतीवर लोकांनी २०२१ मध्ये एका माणसाला एक असे लाल बदाम रंगवले. रंग उडतो, म्हणून स्वयंसेवक अजून जाऊन ते पुन्हा रंगवतात. दिव्यांचंही तसंच आहे, पुढच्या वर्षी कोण लावणार ते याच वर्षी ठरवा. आणि नावांची यादी नीट बांधून वाचनालयात ठेवा, मागे कोरी पानं सोडून. त्या संध्याकाळी जे आले नाहीत ते नंतर एकेकटे येतात, दुपारी, वाचनालयात कुणी नसताना. आम्ही चार पानं सोडली होती, ती दिवाळीच्या आत भरली. तुम्ही निदान वीस सोडा.